नबविय्याने मागे घेतलेला शब्द

नबविय्या सुईण. नाईलच्या कालव्यावरच्या त्या गावातली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातांत. तिची स्वतःची पाच लेकरं झाली. त्यांतली दोन गेली, वेगवेगळ्या उन्हाळ्यांत, दोन्ही जुलाबाने. सासूने सांगितलं तसं तिने दूध तोडलं, पाणीही तोडलं. आत घातलं की बाहेर येतंय, तर घालायचंच कशाला? पुढे गावातल्या आयांनाही ती हेच सांगत राहिली.

तिची साठी उलटल्यावर आरोग्य केंद्रातल्या अवातिफ नर्सने आसपासच्या सुइणींना शिकायला बोलावलं. अवातिफ नबविय्याच्या नातीच्या वयाची. "मावशी, लेकरू जुलाबाने जात नाही, अंगातलं पाणी संपल्याने जातं," ती म्हणाली. "जेवढं बाहेर जातं तेवढं आत घालत राहायचं." बाकीच्या बायका आपसात कुजबुजत होत्या. नबविय्याने मात्र घरी येऊन चूलसुद्धा पेटवली नाही. मुलाने विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतंय."

त्याच ऑगस्टात, दुपारच्या नमाजानंतर, इन्शिराह धावत तिच्या दारात आली. इन्शिराहची पहिली लेक विदाद, सात महिन्यांची. कालपासून दहा-बारा जुलाब. केंद्रातून मिळालेल्या क्षारांच्या पुड्या हातात घेऊन नबविय्या चप्पल न घालताच निघाली.

पोर आजीच्या मांडीवर होती. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नाही. नबविय्याने पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, घडी सावकाश मोडली.

"सकाळपासून लघवी?"

"नाही, मावशी."

"जुलाबात रक्त?"

"नाही."

"दूध पाजतेस ना?"

इन्शिराहने सासूकडे बघितलं. सासू हाज्जा झनूबा, हज करून आलेली, साऱ्या गल्लीला धाकात ठेवणारी बाई. "मी बंद केलंय," ती ठसक्यात म्हणाली. "पाणीसुद्धा. आणि माझ्याकडे अशी डोळे वटारून बघू नकोस. माझ्या लेकाच्या, सैदच्या जुलाबात याच ओसरीवर बसून तूच सांगितलं होतंस!"

 सैद वाचला होता. पण तिचा सल्ला ऐकलेल्या आयांची सगळीच लेकरं वाचली नव्हती. ज्यांची गेली, त्या आया रोज तिला सलाम करत होत्या.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "चुकले मी, झनूबा. माझी दोन लेकरं मी अशीच तहानेली मातीत घातली. आता तुझी नात घालू देणार नाही."

 एवढी मानी बाई भर ओसरीवर चूक कबूल करते, हे झनूबाने जन्मात पाहिलं नव्हतं.

नबविय्याने उकळून गार केलेलं पाणी मागितलं. क्षारांची एक पुडी तिने पाण्याची खूण केलेल्या पेल्यात बरोबर मापाने कालवली. "कमी पाण्यात घट्ट करायची नाही, जास्तीत पातळ करायची नाही," ती इन्शिराहला म्हणाली. "आणि आधी छातीशी घे तिला. दूध चालूच ठेवायचं." मग चमच्या-चमच्याने पाजणं सुरू झालं.

अर्धा पेला गेला आणि विदाद भडाभडा ओकली.

"बघ! सांगत होते मी!" झनूबा उसळली.

"ओकू दे. दहा मिनिटं थांबू, मग आणखी हळू पाजू."

"आणि उतार पडला नाही तर?"

"सुस्त झाली, पिईनाशी झाली, तर तुझ्या मुलाची गाडी जुंपायची आणि थेट इस्पितळ. तिथे मी शहाणपणा करणार नाही."

दहा मिनिटांनी पुन्हा चमचा. इन्शिराह दमली की नबविय्या चमचा घ्यायची. तिचा हात दुखायला लागला तेव्हा झनूबाच पुढे सरकली. "आण इकडे. पेंगत पाजलंस तर पोरीच्या नाकात घालशील." आणि ती कडक बाई चमच्यामागून चमचा पाजत, "पी गं माझे राणी, आजीची अब्रू राख," असं पुटपुटत बसली.

उन्हं कलली तेव्हा तिसरा पेला अर्ध्यावर आला होता. अचानक झनूबा किंचाळली. तिची मांडी ओली झाली होती. विदाद मुतली होती!

झनूबाने लग्नात बायका देतात तशी अशी काही खणखणीत हाळी दिली की शेजारणींना वाटलं घरात लग्नच ठरलं. इन्शिराह हसत होती, रडत होती. विदादही रडत होती, आणि तिच्या गालावरून खरंखुरं पाणी ओघळत होतं. नबविय्याने ते बोटाने टिपलं. "अल्हमदुलिल्लाह," ती म्हणाली. 

जुलाब पूर्ण थांबायला आणखी तीन दिवस लागले. तोवर दूध चालू होतं, प्रत्येक जुलाबानंतर पुडीचं पाणी होतं, आणि कुस्करलेला भात.

आठवड्याने झनूबाने तुपातली पदरापदरांची पोळी, फतीर, भाजून पाठवली. नबविय्याने निम्मी फडक्यात बांधली आणि आरोग्य केंद्र गाठलं.

"हे कशाला, मावशी?" अवातिफ म्हणाली. "पोर तर तुम्ही वाचवलीत."

"खा गुपचूप," नबविय्या म्हणाली. "पोरीचं तर आहेच. पण तू मला म्हातारपणी शिकवलंस. मी न शिकता मेले असते, तर माझा जुना शब्द माझ्यामागेही लेकरं मारत राहिला असता." मग बाकावर बसून तिने आपल्या दोन लेकरांची नावं घेतली. कितीतरी वर्षांनी, मोठ्याने. अवातिफने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि ती ऐकत राहिली.