स्टिकरवरचा पुसलेला नंबर

आज दसरा. झेंडूच्या वासाने धायरीच्या घरातला जुना कॉम्प्युटर आठवला.

तेव्हाही दसरा नुकताच झाला होता. रिपेअरवाल्याने कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि विंडोज पुन्हा टाकायला लायसन्स की, म्हणजे तो लांबलचक नंबर, मागितली. ती सीपीयूवरच्या स्टिकरवर छापलेली होती. पण स्टिकर पांढराफटक. बाबा त्याच्यावरच घसरले, “तुम्हीच खरवडलीत!”

“काका, चोरायचीच असती तर लिहून नेली असती.”

तरी मी त्याची बॅग डोळ्यांनी तपासत राहिलो. आई खाली मान घालून चहा गाळत होती. बाबांनी त्याला पुन्हा कधी घरात घेतलं नाही.

आज आई माझ्या लॅपटॉपची पूजा करायला आली. हातातलं ओलं फडकं बाजूला ठेवून तिने कोरडं घेतलं. “ओल्याने नंबर पुसले जातात,” म्हणाली.

“तुला कसं ठाऊक?”

ती परडीतली फुलं निवडायला लागली.