पाध्ये वकील आणि आमच्या बिल्डिंगच्या चाव्या

पाध्ये वकील आज सकाळी गेले, आणि त्यांच्याविरुद्धची माझी तक्रार कायमची प्रलंबित राहिली.

गृहस्थ खारी नेहमी माझ्या कपात बुडवत.

डायबेटिसमुळे त्यांच्या चहात साखर नसे. "शास्त्रीबुवा, डॉक्टरांनी प्यायला मनाई केलीय. बुडवायला नाही."

मी शाळेत संस्कृत शिकवतो. एवढ्याच भांडवलावर वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा मी पाध्यांना आणलं. त्यांचा जन्मभराचा धंदाच हा: बिल्डरांचे करार वाचायचे आणि लोकांच्या उत्साहावर विरजण घालायचं.

बिल्डरने आम्हाला घोडबंदर रोडला सँपल फ्लॅट दाखवला. एसी, कोल्ड कॉफी, गुबगुबीत सोफे. कमिटी विरघळली.

पाध्ये म्हणाले, "छान. आता यांनीच बांधलेली जुनी बिल्डिंग बघू. दिवा गावात चला."

तिथे त्यांनी तिसऱ्या मजल्यावर एका अनोळखी घराची बेल वाजवली.

"ताई, जरा नळ सोडून दाखवता?"

"सोडून काय करू? टँकर उद्या येणार."

"आणि ओसी? राहायच्या परवानगीचा कागद?"

"देतो म्हणालेत. आलो तेव्हा पोरगा पाळण्यात होता. आता दहावीला आहे."



मग पाध्यांनी अट घातली. बांधकामाची परवानगी हातात पडल्याशिवाय एकानेही घर रिकामं करायचं नाही. चावी द्यायची नाही.

महिने गेले. परवानगी येईना. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे नाईककाका मीटिंगमध्ये कडाडले, "अहो वकीलसाहेब, आमचं छप्पर गळतंय!"

"गळतंय म्हणजे आहे ना, नाईक!"

सगळे हसले. नाईककाकासुद्धा.

आज स्मशानातून परतलो, तर गेटवर बिल्डरचा माणूस उभा.

"सर, फार वाईट झालं. रविवारी चाव्या घ्यायला येतो. परवानगी काय, येतेच आहे."

नाईककाका अजून आंघोळीलाही गेले नव्हते. तिथेच म्हणाले, "देऊन टाकू या रे. आता अडवायला आहे कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वर्गात खणखणीत आवाजात सुभाषितं म्हणणारा मी. मी म्हणालो, "बघू."

तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. करार उघडतो, दोन ओळी वाचतो, मिटतो. गॅलरीत जातो. परत येतो.

आई ऐंशीच्या पुढची. मघाशी विचारत होती, "मी परत इथेच येणार ना रे?"

मी हो म्हणालो.

वकीलसाहेब, तुम्हाला शेवटचा नमस्कार.

रविवारी मला नाही म्हणता येईल असं वाटत नाही. आणि आईला दिलेला शब्द खोटा ठरेल, याची मला भीती वाटतेय.