शाळकरी पोरांना हरवून 'अपराजित'

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे लीगआधीचे चारही सामने शाळांच्या संघांशी होणार. आज बोईसरच्या मैदानावर क्रीडाशिक्षकांनीच हे सांगितलं, तेही अभिमानाने. 'अपराजित' असा बॅनरही छापायला गेलाय. किळस आली.

आमचा गोलकीपर, दातिवऱ्याचा हितेश, शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठाचे निवडकर्ते लीगचा पहिलाच सामना बघणार, तोही गतविजेत्यांविरुद्ध.

"सर, एक तरी तगडी टीम घ्या. आठवीची पोरं मला काय शॉट मारनार हायत?"

"जिंकायची सवय लागते रे! आणि बाहेर कुठे खेळलास तर संघातून काढीन."

हितेशने तिथूनच एका कारखान्याच्या कामगार संघाला फोन लावला. "आ जा, पर रोना मत," पलीकडून कुणीतरी हसत म्हणालं.

रविवारी सकाळी तो त्यांच्यासमोर गोलात उभा राहणार आहे. सरांनी खरंच काढलं, तर त्याच्या बाजूने बोलायला कोण कोण येणार?