घरची खीर

“गव्हाचा दाणा बोटांत चिरडला जातोय का बघायचं, मगच गुळाला हात लावायचा, पोरींनो, आधी गूळ पडला की दिवसभर जाळ घाला, दाणा मऊ होत नाही.”

नीलांबिकाबाई हे वाक्य तीसएक वर्षं गृहशास्त्राच्या वर्गात बोलत आल्या. मुली ते वहीत उतरवून घेत आणि खाली रेघ मारत. वाक्य मात्र गंगव्वाचं होतं, बाईंच्या धाकट्या जावेचं. सीमेपलीकडच्या कानडी खेड्यातून ती मंगळवार पेठेतल्या या घरात नांदायला आली, त्या वर्षी चुलीपुढं बसून तिनं ते सांगितलं होतं. बाई दारात उभ्या राहून पदराला पिन लावत होत्या. शाळेची वेळ झाली होती. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि वाक्य घेऊन गेल्या.

गंगव्वाला पुढं कितीतरी वर्षं वाटायचं, की या बाईनं घरातून एक भांडं उचलून नेलंय आणि ते परत आणून ठेवायचं विसरलीय.

बाई जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याची लेक, पदविका घेतलेली. त्या काज-बटण शिकवत, बाळाचं झबलं बेतायला शिकवत, आजाऱ्याची पेज शिकवत. रविवारी एसटीनं गडमुडशिंगीला जाऊन पोटुशा बायकांना समोर बसवून काय खायचं ते सांगत. शिकून गेलेल्या कुठल्या पोरीला सासरी जाच झाला, तर नेमक्या जेवणाच्या वेळी तिच्या दारात जाऊन उभ्या राहत. सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना पुसायचं, कूस बदलून द्यायची, ते बाईंनीच केलं. वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही सापडत नव्हतं. गंगव्वाची खरी पंचाईत तीच होती. शोधून थकली होती ती.

एकच गोष्ट तिच्यापाशी होती. बाईंना भाकरी थापता येत नसे. परातीतच कडा फाटायच्या आणि तव्यावर नकाशा पडायचा. गंगव्वानं हे कधी कुणाला सांगितलं नाही. मंडईत कुणी शिकून गेलेली पोर बाईंच्या पायाशी वाकली आणि उठता उठता गंगव्वाला म्हणाली, “मावशी, जरा पिशवी धरता का?” की गंगव्वा पिशवी धरायची आणि मनातल्या मनात ती फाटकी भाकरी उलटून बघायची. तेवढ्यानं बरं वाटायचं.

पोटचा मृत्युंजयही शेवटी तिकडचाच झाला. बाईंना तो दोड्डव्वा म्हणायचा, म्हणजे मोठी आई. बाईंना मूलबाळ नव्हतं. लग्नासाठी मुलीचा फोटो आला, तेव्हा त्यानं तो आधी दोड्डव्वाला दाखवला. आईला दाखवला तो पीठ मळता मळता, लांबूनच.

“हात पिठाचे हायत तुझे, डाग पडंल,” तो म्हणाला.

“व्हय बाबा,” गंगव्वा म्हणाली. “माझे हात कवा रिकामे असत्यात?”

दर मार्चमध्ये दहावीच्या मुलींना निरोप म्हणून बाईंच्या घरून खीर जायची. खपली गव्हाची, गूळ-खोबऱ्याची. गंगव्वा तिला हुग्गी म्हणायची. गहू भिजवायचा, कांडायचा, परसातल्या चुलीवर मंद शिजवायचा, सगळं तिनं करायचं. रिक्षात पातेलं चढायचं. मुलींनी विचारलं की बाई म्हणत, “घरची आहे, खा.” मी केली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. गंगव्वानं केली असंही नाही. घरची. म्हणजे कुणाची, हा प्रश्न दर मार्चला गंगव्वाच्या छातीत येऊन बसायचा.

दोन हजार चार साली बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाची सगळी उस्तवार संयोगितानं अंगावर घेतली. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः दोन पोरींची आई. बोलावणं करायला ती घरी आली.

“बाई, त्या दिवशी तुमच्या हातची खीर पाहिजेच. तीनशे द्रोण सांगितलेत.”

बाई हसल्या. “होईल की. घरची होईल.”

गंगव्वा चहा ठेवत होती. संयोगिता तिच्याकडं वळली. “मावशी, तुमी पण या हां. पातेली उतरवायला कोणतरी लागंलच की.”

समारंभाच्या सकाळी गंगव्वानं चूल पेटवली. दाणा अर्धा शिजला होता. तिनं एक काढून चिमटीत धरला. आत पांढरा, कठीण. तिनं गुळाची ढेप फोडली आणि खडे पातेल्यात सोडले. आज तीनशे तोंडं चावत बसतील आणि म्हणतील, बाईंना साधी खीर जमली नाही. वास नेहमीसारखाच सुटला, वेलदोड्याचा, खोबऱ्याचा. वासावरून कुणाला काही कळलं नसतं.

सभागृहात द्रोण वाटायला सुरुवात झाली, तेव्हा बाई बोलायला उभ्या राहिल्या.

“पोरींनो, मला भाकरी थापता येत नाही,” त्या म्हणाल्या.

सभागृह हसलं. मागं पातेल्यापाशी उभ्या गंगव्वाला वाटलं, आपल्या कमरेची पिशवी कुणीतरी सगळ्यांदेखत रिकामी केली.

“गृहशास्त्राची बाई ना मी. लाज वाटायची, म्हणून बोलले नाही. तुम्ही खाल्लीत ती खीर कधीच माझी नव्हती. माझ्या जावेची, गंगव्वाची. ते गुळाचं वाक्यसुद्धा तिचंच. आजचीही तिनंच केलीय. ये गं गंगव्वा, पुढं ये.”

टाळ्या पडल्या. कुणीतरी तिला दंडाला धरून व्यासपीठावर नेलं. बाईंनी आपल्या खांद्यावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. वरून गंगव्वाला सगळं सभागृह दिसत होतं. टाळ्या थांबल्या, बायका द्रोणाकडं वळल्या, पहिला घास तोंडात गेला. मग जबडे हलत राहिले. कुणी गिळेना. एकीनं पदराआड दाणे थुंकले.

ती खाली उतरली, तर पायरीशी संयोगिता. “झकास हाय की मावशी,” ती म्हणाली. “जरा दात पाहिजेत, एवढंच.” आणि गंगव्वाची पाठ वळली तशी शेजारणीला हळूच म्हणाली, “बाई उगंच मोठेपणा देत्यात बघ. त्यांच्या हातची असती तर असं झालं असतं व्हय?”

मागच्या खोलीत गंगव्वा शाल घालूनच पातेल्यापाशी बसली. बाई आत आल्या. त्यांनी पळीनं एक दाणा काढला, दोन बोटांत धरून दाबला. तो चिरडला नाही. पुन्हा दाबला.

“घाई झाली, अक्का,” गंगव्वा म्हणाली.

तीस वर्षांत तिच्या चुलीवर कधी घाई झाली नव्हती. हे एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते समोर उभं होतं.

बाईंनी दाणा पातेल्याच्या काठावर ठेवला. बोटं पदराला पुसली. गंगव्वाकडं पाहिलं, मग शालीकडं. बाहेर पोरी फोटोसाठी हाका मारत होत्या. बाई वळल्या आणि बाहेर निघून गेल्या.