देवराईच्या हद्दीवर

भोरच्या शाळेत मी इंग्रजीचा मास्तर झालो तेव्हा आमच्या अख्ख्या भावकीत कुणाला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे माझा रुबाब काही विचारू नका. नोकरी मात्र अजून कायम व्हायची होती. ती तपासणीसांच्या शेऱ्यावर अडली होती आणि ते आठ दिवसांनी वर्गावर येणार होते.

नेमलेला धडा होता एका गोऱ्या लेखकाच्या कादंबरीतला. वेल्ह्याहून आबा, म्हणजे माझे वडील, तांदूळ घेऊन आले होते. तयारी करता करता मी त्यांना तो धडा मराठीत सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. त्यात शिकारी साहेबासाठी रान उठवणारे काळे डोंगरी लोक एका दाट राईपाशी येतात आणि भुताच्या भीतीनं ढोल-डबे टाकून देतात. साहेब एकटा आत शिरून पिल्लांची वाघीण मारतो. आणि वर पुढच्याच पानावर म्हणतो, या रानटी लोकांना दया आणि कायदा शिकवायलाच देवानं आम्हाला इकडे धाडलंय. हे आबांना कुठल्या तोंडानं सांगायचं? पण त्यांनी पिच्छा सोडला नाही, सगळं वदवून घेतलं.

मला वाटलं चिडतील. ते हसले. म्हणाले, देवराईची हद्द आली की वाजवणं थांबवून ढोल जमिनीला टेकवायचाच असतो. आत गेलेलं जनावर देवाचं, मग त्यानं गोठ्यातली गाय का मारलेली असेना. मग सदरा सरकवून त्यांनी खांद्यावरचा वण दाखवला. तरुणपणी रान उठवणाऱ्यांच्या रांगेत असताना राईत शिरणाऱ्या एका साहेबाला त्यांनी अडवलं होतं, तेव्हा त्यानं बंदुकीचा दस्ता हाणला होता. मी आजवर समजत होतो, झाडावरून पडले असतील.

"आमी भ्यालो न्हाई. ढोल ठिवला आन् म्होरं हुबं ऱ्हायलो," आबा म्हणाले. "तुज्या बुकवाल्यानं इचारलं व्हतं का कुणाला?"

तपासणीस आले. आपल्यातलेच होते, पण कोटाखाली साहेबच. त्यांनी वर्गाला विचारलं, डोंगरी लोक का थांबले? वर्गानं मी शिकवलं होतं तेच सांगितलं: ती देवाची हद्द होती. हेडमास्तरांनी घाम पुसला. तपासणीसांनी माझ्यापुढे पुस्तक धरलं आणि हे यात कुठं लिहिलंय ते दाखवा म्हणाले. मुलांकडून चुकलं, एवढं म्हटलं असतं तरी नोकरी पक्की होती. पण मुलं माझ्याकडे बघत होती, आणि मला आबांचा असा काही अभिमान वाटत होता की छातीत मावेना. मी इंग्रजीतच उत्तर दिलं.

"पुस्तकात नाही, सर. लिहिणाऱ्यानं कुणाला विचारलं नाही. माझे वडील अशाच रांगेत उभे होते."

नोकरी कायम व्हायला त्यानंतर दोन वर्षं लागली. पण इतकं सरळ, न चाचरता इंग्रजी मी आयुष्यात पुन्हा कधी बोललो नाही.