आमच्या सहाणेवरचं चंदन

परवा दादरच्या बाजारात चंदनाच्या खोडाचा वास आला आणि मला माझगावची आमची चाळ आठवली, बघा. शेजारच्या खाला उरुसाच्या सकाळी माझ्या देवघरातल्या सहाणेवर चंदन उगाळायच्या, आणि संध्याकाळी त्या चंदनाची वाटी संदलच्या, म्हणजे चंदन चढवायच्या, मिरवणुकीतून दर्ग्यात जायची. त्या वर्षी परगावी शिकून आलेला त्यांचा भाचा माझ्या दारात आडवा उभा राहिला. "खाला, दर्ग्याला चंदन म्हणजे हराम. त्यातून हिंदूंच्या देवाची सहाण! ही वाटी जाणार नाही." खाला मात्र उगाळतच राहिल्या. म्हणाल्या, "अरे शहाण्या, तुझ्या अकीक्याला जावळ काढलं, तेव्हा टाळूला काय फासलं होतं? हेच चंदन, ह्याच सहाणेवरचं. जिची सहाण, त्या ह्या वहिनींनीच उगाळलं होतं. आता काय, टाळू बदलून आणतोस?" त्याचा हात आपसूक डोक्यावर गेला, जमलेल्या बायका फिसकन हसल्या, आणि तो बाजूला झाला. वाटी दर्ग्यात गेली. तेव्हापासून कोणी आवाज चढवून मला धर्म शिकवू लागला, की मी भांडत बसत नाही. लहानपणी तुला कोणाकोणाच्या घरी न्हाऊमाखू घातलं रे, एवढंच विचारते.