आईच्या पत्रातली बारावी ओळ

भूतप्रेत, संकेत वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत फायली तपासण्यात उमर गेली. सहीशिक्का असल्याशिवाय मी काही खरं मानत नाही. तरी हे लिहितोय…

आई माझ्याकडे नोएडाला असते. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला आणि तिची वाचा गेली. एक हात लुळा पडल्याने लिहिताही येत नाही. धाकटी बहीण रमा आर्टिस्ट आहे, दिल्लीत मुनिरकाला भाड्याच्या खोलीत राहते. बारावीनंतर आलेलं आर्ट कॉलेजच्या इंटरव्ह्यूचं पत्र आईनेच लपवलं, अशी रमाची पक्की समजूत. तिचं वर्ष वाया गेलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच.

आईची वाचा गेल्यावर मात्र रमाने तिचं एक जुनं पत्र मावशीकडून मागून घेतलं. मावशीला लिहिलेलं अंतर्देशीय, रमाच्या जन्माआधीचं. आईचं अक्षर ट्रेसिंग पेपरवर मोठं करून तिच्याच पांढऱ्या साडीवर दोऱ्याने भरायचं, हे प्रदर्शनासाठीचं काम. रमा कापडाच्या मागच्या बाजूने टाके घालते, त्यामुळे भरताना अक्षरं उलटी दिसतात.

"वाचायला लागले की हात अडकतो यार, दादा," ती म्हणाली होती.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी तिने पूर्ण झालेली साडी आईसमोर उलगडली. मी सवयीने मूळ पत्राशी ताडून पाहायला बसलो. पत्रात ओळी अकरा, ट्रेसिंग पेपरवर अकरा… साडीवर बारा.

बारावी ओळ आईच्याच वळणाची होती. 'रमाचं पत्र दादाने लपवलं. त्याच्यावर रागावू नये.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. ते खरं होतं. बाबांनी सांगितलं म्हणून मीच ते पत्र दडवलं होतं. बाबा गेल्यावर हे फक्त मलाच माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो.

"ही ओळ तू भरलीस?" मी विचारलं.

"यात लिहिलंय ते मला कसं माहीत असणार?" रमा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "खरं आहे का, दादा?"

मी हो म्हणालो.

ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप वेळ रडली. आईचा चांगला हात तिच्या केसांवर होता.

ती ओळ रमाकडून नकळत भरली गेली असेल, असं माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो. पण ठाऊकच नसलेली गोष्ट नकळत तरी कशी भरणार? मला आजही सांगता येत नाही. आणि आईला सगळं माहीत असताना, लेकीचा राग इतकी वर्षं तिने माझ्यासाठी का सोसला… तेही मला कळलेलं नाही.